सावड

रात्री तीनला तो उठतो. दिवा न लावता
खिडकीशी जातो, काचेवर तळवा ठेवतो.
"इथला समुद्र कुणी नेला?"

कुणी नाही नेला, कुस्तोदिओ,
आपणच घर वर आणलं.
तो माझ्याकडे बघतो, बाजारात
अवाच्या सवा भाव सांगणाऱ्या बाईकडे बघावं तसा.

त्याचं तरी काय चुकलं.
पण आमच्या चिलोए बेटावर घरं चालतात.
ओंडक्यांवर चढवायचं घर, दोरखंड बांधायचे,
बारा बैलजोड्या, चाळीस माणसं.
मजुरी कुणी घेत नाही,
आज तुझ्या घराला खांदा, उद्या माझ्या बटाट्यांना हात.
संध्याकाळी सगळ्यांना जेवण. तेवढंच.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, समुद्र उंबरा चाटायला लागला
तेव्हा आमचं घर असं टेकडी चढलं.
तो पुढे होता, हाकारे देत.
मी आत. आठवा महिना लागलेला,
दोन्ही हातांनी चुलीवरचा टोप धरून.
भिंती कण्हत होत्या, आणि खिडकीतला समुद्र
हळूहळू खाली उतरत गेला.

बैलांची नावं त्याला अजून आठवतात.
क्लावेल, पालोमो, मोडक्या शिंगाचा लुसेरो.
माझं नाव
गेल्या बटाटा-काढणीच्या सुमाराला गेलं.
मी शोधलं नाही.
सापडलं असतं तरी त्यानं ठेवलं असतं कुठे?

सुकती लागली की तो जोडे घालतो, घरी जायचं म्हणतो.
ओर्तेन्सिया फोनवर सांगते,
दाराला वरून कडी बसव, आई.
बसवली होती. चार दिवस.
चारही दिवस तो दाराशी उभा, टोपी हातात,
परक्या घरात अडकलेल्या पाहुण्यासारखा,
उशीर झालाय हे सांगायला लाजणारा.
कडी मीच काढली.
आता त्याच्या गोळ्यांच्या वेळांशेजारी
भरती-ओहोटीचं कोष्टक लावलंय.

खाली चिखलात अजून सात मेढी उभ्या आहेत
शिंपल्यांनी मढलेल्या. बाकी काही नाही.
बरोबर जिथे दार होतं तिथे
तो थांबतो आणि जोडे पुसतो,
चिखलाचे जोडे, चिखलावर.
मीही पुसते.

"बसा," म्हणतो. "बायको तिसऱ्या काढायला गेलीय.
येईलच. चहा घ्या, मग जा."
कशी आहे हो तुमची बायको?
तो विचार करतो. इतका वेळ, की
मेढीवरचा पक्षी कंटाळून उडतो.
"खारट," म्हणतो, आणि हसतो.

मी मेढीला टेकते
आणि आम्ही दोघं तिची वाट बघतो.
एकदा तर मलाच वाटलं,
किती उशीर करते ही बाई.

मग पाणी घोट्याला लागतं.
चला म्हटलेलं त्याला चालत नाही, ओढलेलं तर नाहीच.
एकदा असा ओरडला की शेजारच्या बार्रियांना वाटलं
मी मारतेय.
तेव्हापासून मी शाल काढते, एक टोक त्याच्या हातात देते.
मालक, माणसं जमलीत. बैल जुंपलेत.
घर वर न्यायचंय.

त्याची पाठ ताठ होते.
"होऽ क्लावेल! होऽ पालोमो!"
हाक टेकडीभर जाते, बार्रियांचा कुत्रा ओ देतो,
आणि तो ओढतो.
मी मागे, दुसरं टोक धरून,
मुद्दाम जरा रेललेली.
वजन लागलं नाही तर त्याला कळेल.

वर पोचल्यावर तो भिंत थोपटतो, जनावर थोपटावं तशी.
"आलं," म्हणतो. "कुठे तडा नाही.
चल, माणसांना वाढ."

वाढ, म्हणाला.
सकाळपासून बसा, घ्या, जा चाललं होतं.

मी चूल फुंकते. दोन ताटं मांडते.
तो दारात उभा राहून माणसं मोजतो,
मध्येच चुकतो, पुन्हा पहिल्यापासून.

उद्या सुकती दोन वीसला.